जड कॅमेरा आणि मेजावरची तिपाई

कोंकणांतलें एक जुनें घर उतरवावयाचें ठरलें आहे, अशी कल्पना करावी. पावसाळ्यापूर्वीं कौलें, वांसे, खांब सारें काढून न्यावयाचें आहे. घरच्या मंडळींची इच्छा एवढीच कीं, चार पिढ्या जेथें नंदादीप तेवला त्या देवघराचें एक चांगलें छायाचित्र राहावें आणि जमल्यास ओसरीवर बसलेल्या आजींचेंहि. नातवापाशीं जुन्या बाजारांत घेतलेला एक भारी फिल्म-कॅमेरा आहे आणि फिल्मचें एकच रीळ आहे. त्यावर चित्रें निघावयाचीं दहा. देवघर म्हणजे पांच हात लांब आणि चार हात रुंद अशी खोली. देव्हारा जमिनीपासून वीतभर उंचीच्या चौथऱ्यावर. उजेड एका झरोक्यांतून येईल तेवढाच. येथें माणसाच्या उंचीची मोठी तिपाई आणून उपयोग नाहीं. तिचे पाय पसरावयास जागा नाहीं, आणि पसरले तरी कॅमेरा देवांच्या डोक्यावरून खालीं पाहूं लागेल. येथें हवी ती वीत-दीडवीत उंचीची, चौरंगावर किंवा थेट जमिनीवर ठेवतां येणारी लहान तिपाई. दुकानदार तिला टेबल-ट्रायपॉड म्हणतात.

ही वस्तु दिसावयास इतकी क्षुल्लक असते कीं तिच्या निवडीचा विचार बहुधा कोणी करीतच नाहीं. भिंगांच्या गुणवर्णनांत तास खर्ची पडतो आणि तिपाई शेवटच्या पांच मिनिटांत, उरल्यासुरल्या पैशांत घेतली जाते. खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या बाबतींत ही हेळसांड खपून जाते. जड कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे.

जड म्हणजे किती जड, तें आधीं सांगितलें पाहिजे. १२० या क्रमांकाची, सुमारें सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म वापरणारे जे आरशाचे कॅमेरे गेल्या शतकांत निघाले, त्यांपैकीं तीन आजहि पुष्कळांच्या हातीं दिसतात. स्वीडनचा हॅसेलब्लाड ५००सी हा १९५७ सालचा. नेहमींच्या भिंगासह त्याचें वजन दीड किलोच्या आसपास भरतें. जपानचा आसाही पेंटॅक्स सिक्स-सेव्हन १९६९ सालीं आला. लोलक आणि भिंग धरून तो अडीच किलोच्या जवळ जातो. त्याच्या पुढच्याच वर्षीं आलेला मामिया आरबी ६७ त्याहूनहि भारी, पावणेतीन किलोच्या घरांतला. कारखान्यांतून हे कॅमेरे आतां बाहेर पडत नाहींत. त्यांचे सुटे भाग जुन्या, मोडक्या कॅमेऱ्यांतून काढून लावावे लागतात आणि ते जाणणारे कारागीर थोडे उरले आहेत. असा कॅमेरा चौरंगावरून फरशीवर पडला तर नुकसान नुसतें पैशांचें होत नाहीं. उलटपक्षीं बाजारांत ज्या लहान तिपाया सर्रास मिळतात, त्या मोबाइल फोनसाठीं किंवा हलक्या कॅमेऱ्यासाठीं घडविलेल्या असतात. मॅनफ्रोटोची पिक्सी ही लोकप्रिय तिपाई घेतली तरी तिच्यावर कारखान्यानें सांगितलेली भारमर्यादा एक किलोची आहे. ती आपल्या कामास उत्तम आहे, पण तिचें काम हें नव्हे.

तीनच पाय कां, हा प्रश्न मराठी घरांत कोणास पडूं नये. तीन दगडांची चूल कशाहि उंचसखल जमिनीवर मांडली तरी डगमगत नाहीं आणि चार पायांचा चौरंग मात्र फरशी जरा वांकडी असली कीं लंगडतो. तीन टेंकूंतून एकच पातळी जाऊं शकते. चौथा टेंकू आला कीं वादाला सुरुवात होते. तथापि न डगमगणें निराळें आणि न उलटणें निराळें. तिपाई उलटते ती दोन पायांच्या मधून उलटते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तिन्ही पायांचीं टोकें जोडून जो समभुज त्रिकोण होतो, त्याच्या मध्यापासून पायाचें टोक जितकें दूर, त्याच्या बरोबर निम्म्या अंतरावर दोन पायांमधली कड असते. पायाचें टोक मध्यापासून १५ सेंटिमीटरांवर असेल तर दोन पायांमध्यें आधार मिळतो तो फक्त साडेसात सेंटिमीटरांपर्यंत. आणि ज्या चिमुकल्या तिपाईचे पाय आठ सेंटिमीटरच पसरतात, तिच्यांत तो चारच सेंटिमीटर राहतो. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य या कडेच्या बाहेर गेला कीं स्क्रू कितीहि घट्ट आंवळलेला असो, सारा डोलारा खालीं येणारच.

यावरून निवडीची पहिली कसोटी निघते. तिपाईची उंची नव्हे, तिचा पसारा पाहावा. पाय मिटल्यावर ती किती आटोपशीर होते याचें दुकानांत मोठें कौतुक केलें जातें. उघडल्यावर ती किती जागा अडविते हें मोजून पाहाणारा गिऱ्हाईक विरळा. आणि ती कशीहि असली तरी वापरतांना तिचा एक पाय नेहमीं भिंगाच्या खालीं, पुढच्या दिशेस ठेवावा. कारण जड भिंगाच्या कॅमेऱ्याचा तोल पुढेंच जात असतो.

खरी अडचण येते ती उभें चित्र घेतांना. कॅमेरा आडवा असतां त्याचें वजन तिपाईच्या मध्यावरून सरळ खालीं उतरतें. उभ्या चित्रासाठीं माथ्यावरचा गोळा कुशीवर कलविला म्हणजे तेंच वजन बाजूस लोंबकळूं लागतें. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या मध्यापासून साडेआठ सेंटिमीटर उंच आहे असें धरलें, तर कलविल्यावर तो तितकाच बाहेर जातो. वर काढलेल्या साडेसात सेंटिमीटरांशीं ही संख्या ताडून पाहावी! ज्या बाजूस कॅमेरा कलला त्या बाजूस पाय नसेल, तर अडीच किलोचा कॅमेरा हात सोडतांक्षणींच कोलमडेल; त्याच बाजूस पाय फिरवून आणला तर निश्चिंतपणें उभा राहील. एवढ्याशा फेरफारानें कॅमेरा वांचतो. हॅसेलब्लाडच्या मालकास या कटकटीची गरज नाहीं, कारण त्याचें चित्र चौरस असतें. मामिया आरबीच्या नांवांतलीं अक्षरेंच सांगतात कीं त्याची पाठ फिरती आहे; कॅमेरा आहे तसाच ठेवून चित्र तेवढें उभें करतां येतें. मामियाचें वजन ज्यांना जाचतें, त्यांनीं या सोयीचीहि किंमत करावी. पेंटॅक्स मात्र कुशीवर घालावाच लागतो, आणि कल्पिलेल्या नातवाच्या हातीं तोच आहे.

आतां माथ्याकडे वळावें. तिपाईचे पाय दणकट आणि माथा लेचापेचा, असा मेळ बाजारांत फार आढळतो. गोळ्याच्या माथ्यावर पडणारा ताण नुसत्या किलोंत मोजून भागत नाहीं; वजन आणि अंतर यांचा गुणाकार करावा लागतो. कुशीवर घातलेल्या अडीच किलोच्या कॅमेऱ्याचा ताण म्हणजे अडीच गुणिले साडेआठ, सुमारें एकवीस किलो-सेंटिमीटर. वीतभर लांबीच्या सळईच्या टोकास एक किलोचें माप टांगलें असतां मुळाशीं जो पीळ बसतो, साधारण तेवढा हा पीळ होय. तो सहन करावयाचा असतो एका गुळगुळीत गोळ्यानें, केवळ घर्षणाच्या बळावर. म्हणून गोळा जितका मोठ्या व्यासाचा तितका चांगला. पाऊण इंची गोळ्यावर असला कॅमेरा कलवूं नये. आणि पेटीवर छापलेल्या भारमर्यादेवर फार विसंबूं नये. तो आंकडा कसा काढावा याची सर्व कारखान्यांनीं मान्य केलेली एकच रीत नाहीं. कोणी सरळ उभ्या वजनाचा आंकडा देतो, कोणी कलत्या वजनाचा. कॅमेऱ्याच्या वजनाच्या तिप्पट आंकडा असल्यावांचून तिपाई हातीं धरूं नये, हा व्यवहारी नियम ठीक आहे.

माथ्याचा आणखी एक दुर्गुण आहे आणि तो दुकानांत सहसा उघडकीस येत नाहीं. चित्र जुळवून गोळा आंवळला आणि हात काढला, कीं कॅमेऱ्याचें नाक हळूच किंचित् खालीं बसतें. कधीं तें एकदांच बसतें, कधीं मिनिटभर अगदीं मंदपणें बसत राहतें. हें दुसरें दुखणें फार वाईट. लवचिक सांध्यांच्या पायांच्या ज्या तिपाया २००६ पासून गोरिलापॉड या नांवानें प्रसिद्ध झाल्या, त्या कठड्यास किंवा फांदीस विळखा घालण्यास सोयीच्या खऱ्या. पण पाय जेथें जेथें वांकतो तेथें तेथें एक सांधा असतो, आणि भारी कॅमेऱ्याखालीं प्रत्येक सांधा थोडाथोडा कुरकुरतो. त्या घ्यावयाच्याच तर मोठ्यांतली मोठी घ्यावी. जेथें वेळ सेकंदांत मोजावयाचा आहे तेथें अखंड, बिनजोड पायांची तिपाई बरी. एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांचे पाय असतील तर सरकविण्याचा मोह टाळून ते मिटलेलेच वापरावे. मधला उंच होणारा दांडा तर लहान तिपाईस असूंच नये. असला तरी वर काढूं नये. लायट्स कारखान्यानें आपल्या चिमुकल्या लायकासाठीं जी मेजावरची तिपाई अनेक दशकें विकली, तिला ना नळ्या, ना दांडा. तीन भरीव पाय, मिटले कीं एका बाजूस चपटे होणारे, आणि वर एक स्वतंत्र गोळा. हलक्या कॅमेऱ्यासाठीं घडविलेली असूनहि ती वजनाला डरत नाहीं, तें या साधेपणामुळेंच. ती भिंतीस किंवा स्वतःच्या छातीस टेंकवूनहि वापरतां येते, ही तिची आणखी एक खुबी.

स्क्रूविषयीं थोडेंसें. कॅमेऱ्याच्या तळाशीं बहुधा पाव इंची आटे असतात. भारी माथ्यांना तीन-अष्टमांश इंचाचे. पाव इंचीला इंचामागें २० आटे आणि तीन-अष्टमांशाला १६. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ मापांतहि आट्यांची संख्या हीच आहे. आट्याच्या कोनांत तेवढा पंचावन्न आणि साठ अंशांचा फरक. म्हणून लोखंडी सामानाच्या दुकानांतला साधा बोल्टहि बहुधा बसतो, आणि ज्याला हौस आहे त्यानें लेथवाल्याकडून जाड सागवानी चकतीस तीन पाय बसवून घेतले तर ती घरगुती तिपाई पुष्कळ विकत मिळणाऱ्या तिपायांना लाजवील. खबरदारी एकच. स्क्रू माथ्याच्या वर सुमारें साडेचार मिलिमीटरांहून अधिक निघूं देऊं नये. लांब स्क्रू जोरानें फिरविला तर तो कॅमेऱ्याच्या तळाशीं आंतून ढुशी देतो. शिवाय कॅमेरा कुशीवर असतां त्याचें सारें वजन या एका स्क्रूभोंवतीं फिरूं पाहतें, म्हणून माथ्यावर रबराची किंवा बुचाची चकती असावी आणि चित्र घेण्यापूर्वीं पकड पुन्हां एकदां पाहावी.

तिपाई पडली नाहीं, बसली नाहीं, एवढ्यानेंहि चित्र स्पष्ट येईलच असें नाहीं. या कॅमेऱ्यांच्या पोटांत मोठा आरसा असतो. कळ दाबली कीं तो धाडकन वर उडतो, आणि पेंटॅक्समध्यें त्यामागोमाग पडदाहि धांवतो. त्या धक्क्यानें कॅमेरा थरथरतो. सेकंदाचा पांचशेंवा भाग इतक्या अल्प वेळांत त्या थरकांपाचा थोडाच अंश फिल्मवर उमटतो. पंधरा-वीस सेकंदांच्या चित्रांत आरंभींचा थरकांप बाकीच्या शांततेंत बुडून जातो. वाईट वेळा मधल्या. सेकंदाच्या तिसाव्या भागापासून चवथ्या भागापर्यंतचा पट्टा हा धोक्याचा, आणि घरांतल्या माणसांचीं चित्रें नेमकीं त्यांतच सांपडतात. पेंटॅक्सच्या पहिल्या कॅमेऱ्यांना आरसा आधीं वर उचलून ठेवण्याची सोय नव्हती. ती १९७६ पासून आली. जुना पेंटॅक्स घेणाऱ्यानें कॅमेऱ्याच्या बाजूस ती लहानशी कळ आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. ती असेल तर आरसा उचलून, दोन सेकंद थांबून, मग दोरीच्या कळीनें पडदा सोडावा.

हा थरकांप डोळ्यांना दिसत नाहीं, मग तिपाईची परीक्षा करावयाची कशी? त्यास एक बिनखर्चाचा उपाय आहे. कॅमेरा तिपाईवर चढवून त्याच्या डोक्यावर मेणानें किंवा चिकटपट्टीनें आरशाचा एक लहानसा तुकडा बसवावा, खिडकींतल्या उन्हांत तो धरावा, आणि त्याचा कवडसा पांच मीटर दूरच्या भिंतीवर पाडावा. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट कवडसा कलतो. कॅमेरा अंशाचा अवघा साठावा भाग हलला तरी पांच मीटरांवर कवडसा जवळजवळ तीन मिलिमीटर सरकतो. १०५ मिलिमीटरांच्या भिंगांतून तेवढ्याच हालचालीनें फिल्मवरचा ठिपका तीन-शतांश मिलिमीटर फांकतो. तें चित्र पांचपट मोठें केलें कीं जवळून पाहाणाऱ्यास तें मऊ, विरविरीत वाटूं लागतें. म्हणून भिंतीवर तीन मिलिमीटरांची रेघ ओढून ठेवावी आणि कळ दाबतांना कवडशावर नजर ठेवावी. भिंगावर बोटानें टिचकी मारून तो किती वेळांत थांबतो हेंहि पाहावें. चांगल्या तिपाईवर तो लगेच शांत होतो. वाईट तिपाईवर झाडाच्या पानासारखा हलत राहतो. गोळा आंवळून पांच मिनिटें वाट पाहिली तर कॅमेऱ्याचें नाक बसतें कीं काय, हेंहि कवडसाच सांगून टाकतो. दुकानदार पांच मीटर भिंत आणि ऊन देईलच असें नाहीं. पण घरीं आणून पाहाण्याची आणि न पटल्यास परत करण्याची मुभा आधींच मागून घ्यावी.

तिपाई मुळींच नको, असेंहि कधीं कधीं ठरतें. धान्यानें अर्धवट भरलेली जाड कापडाची पिशवी उंबरठ्यावर किंवा गडाच्या तटावर टाकून तींत कॅमेरा रुतवून ठेवला, तर तो कोणत्याहि किरकोळ तिपाईवरल्यापेक्षां अधिक निश्चल राहतो, कारण धान्याचे दाणे थरकांप गिळून टाकतात. पिशवीला उंची मात्र नेमकी मिळत नाहीं, आणि कॅमेरा खालीं किंवा वर पाहावयास लावणें कठीण जातें. दोन्ही जवळ असाव्यात हें उत्तम.

आतां त्या देवघराकडे. नातवानें सपाट, भरीव पायांची तिपाई निवडली आहे. पाय मध्यापासून १५ सेंटिमीटर पसरणारे, गोळा मोठा. जमीन शेणानें सारवलेली आहे. तिच्यांत रबरी टोकें हळूहळू दबतात, म्हणून त्यानें खालीं जाड पाट घेतला आहे. पाट लंगडत असल्याचें पाहून त्याच्या एका कोपऱ्याखालीं कागदाची घडी सारली. देव्हारा उंच आणि अरुंद, तेव्हां चित्र उभेंच हवें. कॅमेरा डावीकडे कलविला आणि तिपाईचा एक पाय डावीकडे फिरवून घेतला. स्वयंपाकघरांतून दोन किलो तांदूळ एका पिशवींत आणून ती त्यानें पायांच्या बेचक्यावर आडवी घातली. देव्हाऱ्याच्या पुढच्या कांठापासून मागच्या तसबिरीपर्यंत सारें स्पष्ट यावें म्हणून भिंगाचें छिद्र १६ वर आणलें, आणि प्रकाशमापकानें वेळ सांगितला १० सेकंद.

येथें फिल्मचा एक जुना स्वभाव आडवा येतो. उजेड फार मंद असला आणि वेळ लांबला, कीं फिल्मची ग्रहणशक्ति मंदावते. कोडॅकची ट्राय-एक्स ही काळीपांढरी फिल्म घातली असेल, तर कोडॅकच्याच कोष्टकाप्रमाणें मापकाच्या एका सेकंदाला दोन सेकंद द्यावे लागतात, दहाला पन्नास, आणि शंभराला तब्बल बाराशें, म्हणजे वीस मिनिटें. अशा वेळीं तिपाईची खरी कसोटी लागते. पन्नास सेकंदांत गोळा केसभरहि बसतां कामा नये. नातवानें घरांतल्या सर्वांस ओसरीवर बसविलें, कारण मधल्या माजघराच्या फळ्यांवरून कोणी चालला तर त्याचा हादरा पाटापर्यंत येतो. मग आरसा उचलला, श्वास रोखून दोरीची कळ दाबली आणि मनांत पन्नास मोजले. तेंच चित्र आणखी दोनदां घेतलें. त्यानंतर नंदादीप जवळून, तसबीर, झरोका. दहांपैकीं सहा संपलीं.

उरलेलीं चार आजींसाठीं. ओसरीवर संध्याकाळचा उजेड, वेळ सेकंदाचा आठवा भाग, म्हणजे ऐन धोक्याच्या पट्ट्यांतला. तिपाई आतां ओसरीच्या कठड्यावर चढली आणि तांदळाची पिशवी पुन्हां तिच्या पायांवर बसली. आरसा उचलल्यावर नेत्रिकेंतून कांहीं दिसत नाहीं. म्हणून नातू कॅमेऱ्यामागून बाजूस आला आणि आजींच्या डोळ्यांकडे पाहूं लागला. "हललें तर चालेल कां रे?" असें त्यांनीं विचारलें, आणि उत्तराची वाट पाहतांना त्या क्षणभर अगदीं स्थिर झाल्या. त्यानें कळ दाबली. दहावें चित्र झाल्यावर रिळाची कागदी पट्टी ओली करून चिकटविली, कॅमेरा आधीं दोन्ही हातांनीं धरून मगच स्क्रू सोडला, आणि तांदूळ मोजून डब्यांत परत ओतले. त्या रात्रीं त्यांचाच भात झाला.